मंगळागौरीपासून मुंगळ्यापर्यंत



व्याख्यानमाला म्हटली की अर्थकारण, संतवाङ्मय, झालेच तर एखादा इतिहासातील वाद, अशी आपणा सर्वांची समजूत असते व ती योग्यच आहे. आज मात्र आम्ही जे पुष्प आणले आहे, ते देवघरात ठेवण्याजोगे नाही. ज्या गाण्यांचे पहिले सूर येताच घरातील वडील मंडळी “अरे, तो रेडिओ बंद करा” असे ओरडत, आणि रेडिओ बंद होईपर्यंत स्वतःच पायाने ताल धरीत, त्या गाण्यांविषयी आम्ही बोलणार आहोत. ती गाणी मराठी माणसाला सर्वांत सोज्वळ वाटणाऱ्या घरातून आली, ही त्यातली खरी गंमत आहे.

प्रथम एक परदेशी गोष्ट सांगतो, म्हणजे आपल्या घरची गोष्ट नीट दिसेल. अमेरिकेतील युटा प्रांतात ऑस्मंड नावाचे एक कुटुंब होते. पंथाने मॉर्मन, म्हणजे दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. आमच्याकडील कडक वारकरीसुद्धा चहापुरता सैल पडतो. हे तेवढेही नाही! या घरातील चार भाऊ एका आवाजात आवाज मिसळून जुन्या वळणाची गाणी गात. १९६२ पासून ते अँडी विल्यम्स या गायकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसू लागले. एकसारखे कपडे, चापून बसविलेले केस, ओठांवर हसू. १९७१ मध्ये त्यांचे एक गोडसे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. मुलींच्या आयांना हे भाऊ पसंत होते, यात सारे आले. आणि १९७२ मध्ये याच भावांनी ‘क्रेझी हॉर्सेस’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तीत गिटारींचा गदारोळ, ढोलांचा दणका आणि ऑर्गनमधून निघणारी घोड्याच्या खिंकाळण्यासारखी किंकाळी! लोक चक्रावले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर त्यात अमली पदार्थांचा संकेत आहे अशी शंका घेऊन गाण्यावर बंदी घातली. वास्तविक ते गाणे होते मोटारींच्या धुराविरुद्ध. लालबाग-परळच्या माणसाने गिरण्यांच्या चिमण्यांखाली पिढ्यान् पिढ्या धूर गिळला. त्याला या गाण्याचा अर्थ कोणी न सांगता कळला असता. परंतु सरकारांना गाण्याचा अर्थ कळावा, अशी अपेक्षा कोणत्याच देशात करू नये.

या गोष्टीत आम्हांला कुतूहल वाटते ते निराळ्याच ठिकाणी. ते घर एका रात्रीत बदलले, की ऐकणाऱ्यांनी त्या घराचे एकच चित्र भिंतीवर टांगून ठेवले होते? हाच प्रश्न घेऊन आम्ही आता मंगेशकरांच्या दारात येतो.

मास्टर दीनानाथ मंगेशकर १९०० साली जन्मले, गोव्यात, मंगेशीला. त्यांची आई येसूबाई देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातली. त्या समाजाच्या बायकांचे गाणे देवाला चाले, यजमानाला चाले. बायकांना मात्र पंगतीत मान नसे. ही गोष्ट आज ध्यानात ठेवा, ती पुढे आपणांस उपयोगी पडणार आहे. दीनानाथांनी १९१८ साली भागीदारांसह बलवंत संगीत मंडळी काढली. ‘भावबंधना’त लतिका, ‘रणदुंदुभी’त तेजस्विनी अशा स्त्रीभूमिका त्यांनी गाजविल्या. त्यांचे गाणे मात्र नाजूक नव्हते. बालगंधर्वांच्या लाडिक, ठायीठायी विसावणाऱ्या गायकीवर जीव टाकणाऱ्या श्रोत्यांना दीनानाथांची पंजाबी अंगाची, विजेसारखी कडाडून जाणारी तान प्रथम धक्काच देऊन गेली. शब्दांवर झडप घालणारा आवाज, मध्येच सूर फेकून तो वरच्यावर झेलण्याची खोड, ही त्यांची जात. आज त्या ध्वनिमुद्रिका आपण आदराने ऐकतो आणि ‘अभिजात’ म्हणून हात जोडतो. त्या काळी तो आडदांडपणाच होता. म्हणजे बेभानपणा या घरात बाहेरून शिरला नाही. तो घरच्या मालकाबरोबरच आत आला होता.

परंतु या कडाडत्या आवाजाच्या मालकालाही आपल्या मुलीने सिनेमासाठी गावे, हे रुचत नव्हते. थोरल्या लेकीने गायलेले पहिलेच चित्रपटगीत त्या चित्रपटातून गळाले, ते याच नापसंतीमुळे. त्यापूर्वीच बलवंत मंडळी चित्रपटनिर्मितीच्या खटाटोपात बुडाली होती. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची. तिच्या मागे मीना, आशा, उषा आणि चार वर्षांचा हृदयनाथ. नापसंतीची चैन आता त्या घराला परवडणारी नव्हती. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या मराठी चित्रपटात लताबाईंनी एक लहानशी भूमिका केली आणि गाणे म्हटले. पुढे मास्टर विनायकांच्या ‘माझं बाळ’मध्ये, १९४३ साली, आशाबाईंचा आवाज प्रथम उमटला; तेव्हा त्या दहा वर्षांच्याही नव्हत्या. पाच भावंडांचा हा मेळा कोणी हौसेने जमविलेला नव्हता. ऑस्मंड बंधू आणि मंगेशकर भावंडे यांच्यातील हा फरक मोठा आहे.

मग मुंबई. नाना चौकातले लहानसे बिऱ्हाड, ग्रँट रोडचे स्टेशन, आणि लोकलने मालाड-गोरेगावचे स्टुडिओ. त्यानंतरचे १९४९ साल आपणांस कोणी सांगावयास नको. ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’! हिंदुस्थानातील नायिकेला एक आवाज मिळाला, आणि गिरगावातील चाळींना अभिमानाचा एक विषय मिळाला. पांढरी साडी, दोन वेण्या, खाली पाहून गाणे. हे चित्र आपण भिंतीवर टांगले ते तेव्हापासून.

त्या चित्रामागे एक वाटणी दडलेली होती. चित्रपटातील नायिका गाईल ते थोरलीने गावे. आणि क्लबात, मेजवानीत, हातात पेला घेऊन जी नाचते, तिचे गाणे जिला मिळेल तिने गावे. आशाबाईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले, आणि पुढे मुलांना घेऊन त्या परतल्या. मधल्या काळात पोटासाठी दुसरीतिसरीचे, उरलेसुरले गाणे घेणे त्यांना भाग होते. श्रोतेहो, ही वाटणी मंगेशकरांनी केलेली नाही. ती चित्रपटाच्या धंद्याने केली, आणि मूळ नमुना आपण पुरविला. मंगेशीच्या देवळाच्या आवारात जी रेघ होती, तीच ताडदेवच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पुन्हा मारण्यात आली. एकीचे गाणे ऐकून डोळे मिटावयाचे, दुसरीचे ऐकून खिडकी लावून घ्यावयाची.

पण रेघ मारली तरी सूर तिच्या अलीकडे थोडाच थांबतो? १९५१ चा ‘अलबेला’ घ्या. हा तर दादर-परळचा स्वतःचा चित्रपट. भगवानदादा पालव गिरणीकामगाराचा मुलगा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे, आणि वाद्यवृंदात धोबीतलाव-कावेलच्या आसपास राहणारे गोव्याचे ख्रिस्ती वादक, त्यांत चिक चॉकलेट हा नामांकित तुतारीवाला. त्या चित्रपटात पाश्चात्य ठेक्यावर कोण गाते? लताबाई! ते गाणे आजही लग्नाच्या वरातीत लागते आणि पासष्टीच्या काकासुद्धा पदर खोचतात. त्याच रामचंद्रांनी १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटात निरर्थक अक्षरांची एक गंमत बांधली. अमेरिकेत ‘रॉक अँड रोल’ नावाचे वादळ नुकतेच उठले होते, त्याची झुळूक मुंबईत आली ती या गाण्यातून. किशोरकुमारांनी ते गायले हे सर्वांना आठवते. आशाबाईंनीही ते गायले आहे, हे पुष्कळजण विसरतात. त्याच वर्षी ओ. पी. नय्यर यांच्या ‘नया दौर’ने आशाबाईंना नायिकेचा आवाज केले. आणि पुढच्या वर्षी ‘हावडा ब्रिज’मध्ये तर नायिका मधुबाला हीच क्लबात गाते, आशाबाईंच्या आवाजात. रेघेवर पहिला पाय पडला तो असा.

मराठीत तर त्याच सुमारास याहून मोठी गोष्ट झाली आणि तिची दखल आम्हांला पुरेशी घेतलेली दिसत नाही. लालबागच्या बाजूला हनुमान थिएटरात तमाशा लागे. कामगार जाई, गिरगावातील कारकून जात नसे, किंवा गेला तरी घरी सांगत नसे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. त्यातील वसंत पवारांची लावणी आशाबाईंनी गायली, आणि जी चीज थिएटराच्या दारातून कारकुनाच्या घरी येत नव्हती ती रेडिओच्या दारातून सरळ माजघरात येऊन बसली. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो चित्रपट १३१ आठवडे चालला. इतके आठवडे केवळ तमाशाचे शौकीन तिकिटे काढीत होते, असे कोणी म्हणेल काय?

आता १९६६. ‘तिसरी मंझिल’. राहुलदेव बर्मन हा सत्तावीस वर्षांचा तरुण एक चाल घेऊन आशाबाईंकडे गेला. तीत ‘आ’ हे अक्षर एका श्वासात, धाप लागल्यासारखे, पुनःपुन्हा उसळते. आशाबाईंना धास्ती वाटली. बरोबर गाणार महंमद रफी. आपण उण्या पडलो तर? त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, मोटारीतून जाताना त्या ते धापेचे आवाज घोकीत होत्या, तर सारथ्याला वाटले बाईंचा श्वास कोंडला, आणि तो इस्पितळात नेऊ का म्हणून विचारू लागला! त्या थोरल्या बहिणीकडे गेल्या तेव्हा लताबाईंनी त्यांना आठवण दिली की तू भोसले नंतर, आधी मंगेशकर आहेस. जा आणि गा. आम्ही या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. सोज्वळ घराच्या थोरलीने धाकटीला ‘असले गाऊ नकोस’ असे सांगितले नाही. ‘हे तुला येईल, कारण हे आपल्या घरचे आहे’ असे सांगितले. दीनानाथांची ती फेकलेली आणि झेललेली तान ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे उत्तर अचूक वाटेल. धाप लागल्याचा भास करावयाचा तर छातीत श्वास शिल्लक असावा लागतो, आणि सूर घसरल्याचा भास करावयाचा तर तो हलवून पुन्हा जागेवर बसविता यावा लागतो. कच्च्या गळ्याचे हे काम नव्हे.

आणि मग तीनच वर्षांनी थोरलीने स्वतःच ती रेघ ओलांडली. १९६९ चा ‘इन्तकाम’. हेलन नाचते, पिंजऱ्यात एक पुरुष कोंडलेला आहे, आणि आवाज लताबाईंचा! त्याच चित्रपटात मद्याचा अंमल चढलेल्या नायिकेचे, उचक्यांसह, गाणेही त्यांचेच. लोकांना आश्चर्य वाटले. परंतु संगीत कोणाचे होते पाहा. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल या दोघांची गाठ पोरवयात पडली ती ‘सुरील कला केंद्र’ नावाच्या मुलांच्या संस्थेत, आणि ती संस्था मंगेशकर कुटुंबाचीच. प्यारेलाल व्हायोलिन शिकले गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. म्हणजे घरच्याच अंगणात खेळलेल्या पोरांनी मोठेपणी थोरल्या ताईला क्लबात नेले. त्या गाण्याविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. लताबाईंनी त्यात धाप घातली नाही, लाडिकपणा घातला नाही. त्यांनी ते विरहाच्या गाण्यासारखे गायले. पडद्यावर पिंजरा, आणि आवाजात हाक. आम्हांला ते अतिशय सुंदर वाटते. पण क्लबातले गाणे म्हणून विचाराल तर आशाबाई ते अधिक खरे गायल्या असत्या. लताबाईंनी प्रत्येक वेळी असा होकार दिला असेही नाही. ‘संगम’मधील थट्टेखोर गाण्याविषयी त्यांनी पुढे नापसंती बोलून दाखविली होती.

१९७१ साली आशाबाईंची दोन गाणी आली, एक ‘कारवाँ’तले, दुसरे ‘हरे राम हरे कृष्ण’तले. पहिल्यात पुन्हा हेलन. दुसऱ्यात चिलीम ओढणारी तरुण मंडळी, आणि आरंभी ती गिटार, जी भूपिंदरसिंगांनी वाजविली. हे तेच भूपिंदर, ज्यांच्या गझला पुढे आपण माना डोलवीत ऐकल्या. ऑस्मंडांच्या घोड्यांच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, हे लक्षात घ्या. मुंबई मागे नव्हती. चिलमीच्या गाण्याला आकाशवाणीने मज्जाव केला. आणि फिल्मफेअरचे उत्तम गायिकेचे पारितोषिक लागोपाठ दोन वर्षे याच दोन गाण्यांना मिळाले. मज्जाव आणि मानपत्र एकाच गाण्याला, असा आमचा न्याय!

आता उषाबाई. त्यांच्याविषयी सभांतून फार थोडे बोलले जाते, म्हणून आम्ही मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे. १९७२ मध्ये शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला. राम कदमांचे संगीत, खेबुडकरांचे शब्द आणि उषाबाईंच्या लावण्या. आदर्श गुरुजी तमाशाच्या फडात कसा ओढला जातो, त्याची ती कथा. तीन वर्षांनी, १९७५ साली, ‘जय संतोषी माँ’ आला. ‘शोले’च्या वर्षी, अगदी थोड्या पैशात काढलेला हा चित्रपट, आणि बायका चित्रपटगृहाच्या दाराशी चपला काढून आत जात, पडद्याकडे फुले आणि नाणी उधळीत. त्यातील आरती उषाबाईंची. त्यापूर्वी अनेकांनी नावही न ऐकलेली देवता घरोघर शुक्रवार मागू लागली, त्यात या आवाजाचा वाटा नाही असे कोण म्हणेल? आणि पुढे दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘इन्कार’. देशी दारूचा गुत्ता, कासोटा घातलेली हेलन, राजेश रोशन यांचा मस्तवाल ठेका, आणि मुंगळा! आरतीचा गळा आणि गुत्त्याचा गळा एकच. ज्यांनी चपला काढल्या होत्या त्यांनीच शिट्ट्या मारल्या, निदान त्यांच्या मुलांनी तरी. मुंगळा आणि गूळ ही उपमा तर आपल्या माजघरातली. डब्याचे झाकण उघडे राहिले की आजी जी तक्रार करीत असे, तीच मजरूह सुलतानपुरींनी गुत्त्यात नेऊन ठेवली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो घ्यावयास हवा. असल्या गाण्यांत बाई ही गुळाची ढेप ठरते. तिला पाहणारे मुंगळे ठरतात. यात कौतुक कसले? आक्षेप खरा आहे. यांतील पुष्कळ गाण्यांचे शब्द आणि त्याहूनही पडद्यावरील चित्रण, हे बाईला ताटात वाढून ठेवण्याच्या जातीचे आहे, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु आक्षेपाचा रोख कोणाकडे असतो तो पाहा. शब्द लिहिणारे मजरूह पुरोगामी कवी म्हणून थोर, चाल बांधणारा प्रतिभावान म्हणून थोर, पैसे घालणारा धाडसी म्हणून थोर; हे सारे पुरुष. तिकीट काढणारेही बहुतेक पुरुषच. आणि ‘असली गाणी गाते’ हा शब्द मात्र गाणारीला! हेलनला लागला, आशाबाईंना लागला. येसूबाईंना ज्या पंगतीत मान नव्हता, ती पंगत पुन्हा मांडली गेली एवढेच. आम्हांला या घराच्या तथाकथित घसरणीपेक्षा या पंगतीची लाज अधिक वाटते. आशाबाईंना गंभीर गायिका मानावयास पुष्कळांना १९८१ चा ‘उमराव जान’ यावा लागला. जणू आधीच्या वीस वर्षांत गळा दुसऱ्या कोणाचा होता!

आणि गायिकेपुरते बोलावयाचे तर त्या गाण्यांत त्या बायकांनी जे घातले, ते ताटात वाढलेल्या बाईचे नाही. ‘कारवाँ’तल्या गाण्यात तर आशाबाई चक्क हसत आहेत, खेळत आहेत, पंचमच्या घोगऱ्या हाकेला कुरघोडीने उत्तर देत आहेत. उषाबाईंच्या मुंगळ्यात लाचारी नावाला नाही. त्यात ‘पिंजरा’तील लावणीचा ठसका आहे, मुंगळ्यालाच दम भरणारी बाई आहे ती. २०१९ मध्ये या गाण्याचे नवे रूप एका हिंदी चित्रपटात आले तेव्हा उषाबाईंनी नाराजी व्यक्त केली. मूळ गाणे ज्यांना नुसते उच्छृंखल वाटते, त्यांनी ती दोन रूपे शेजारी ठेवून ऐकावी. पहिल्यात गळा काम करतो आहे, दुसऱ्यात यंत्र.

हृदयनाथांविषयी बोलावयास आज सवड नाही. कोळीगीतांपासून ‘जैत रे जैत’मधील ठाकरांच्या सुरापर्यंत त्यांनी या घराला कोठकोठे फिरविले, तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि कार्यवाहांनी पुढील वर्षी बोलाविल्यास आम्ही तो घेऊ.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी शिवाजी पार्कावर लताबाईंना शेवटचा निरोप दिला गेला, तेव्हा दिवसभर सगळीकडे त्यांची भजने, देशभक्तीची आणि विरहाची गाणी वाजत होती. ‘अलबेला’तले गाणे कोणी लावलेले आम्ही तरी ऐकले नाही. लालबागची गोष्ट वेगळी. तेथे गणपतीत सकाळी मंडपात लताबाई-उषाबाईंच्या आवाजातली आरती लागते, आणि विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीत बेंजो पार्टी मुंगळा वाजविते. वाजविणाऱ्यांना त्यात विसंगती वाटत नाही, नाचणाऱ्यांना वाटत नाही, आणि पाटावर बसलेला मोरया तर पहिल्यापासून गुळाचा शौकीन.

आमचे बोलणे येथे थांबले. दोन ध्वनिमुद्रिका बरोबर आणल्या आहेत. पहिली मास्टर दीनानाथांची, ‘रणदुंदुभी’तली, तिला थोडी खरखर आहे, तेवढी सहन करावी. दुसरी कोणती ते आपण ओळखले असेलच. ज्यांना शेवटची लोकल गाठावयाची आहे त्यांनी दोन्हींच्या मधल्या वेळात उठावे, म्हणजे इतरांचा रसभंग होणार नाही.